सॅलॅमँडर शोधायचा म्हणजे आधी ओल शोधायची

सावंतवाडीकडे प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या एका मुलाने विचारलंय : "ताई, ग्वाटेमालाच्या डोंगरात बेचाळीस वर्षं न दिसलेला सॅलॅमँडर परत सापडला असं वाचलं. हे प्राणी नेमके शोधतात कसे? शेतीमुळे ते संपत चाललेत असं सगळीकडे लिहिलेलं असतं, त्यात तथ्य किती? आणि मला हे काम शिकायचं असेल तर इथे राहून सुरुवात कशी करू?"

ग्वाटेमालाच्या पश्चिमेकडच्या डोंगरांत मी या कामात सहा पावसाळे काढले. पहिल्या वर्षी सलग अकरा रात्री मला स्वतःला एकही सॅलॅमँडर दिसला नाही. सोबत चालणारा गावचा पोरगा मात्र रोज दोन-तीन दाखवायचा. तेव्हा 'अनुभवी' हा शब्द माझ्या बाबतीत जरा जपूनच घे.

आधी प्राणी समजून घेऊ. जगात सॅलॅमँडरच्या आठशेहून जास्त जाती आहेत आणि बहुतेकांचं घर उत्तरेकडच्या थंड मुलखात आहे. सहाराच्या खालच्या आफ्रिकेत ते नाहीत, ऑस्ट्रेलियात नाहीत, आपल्या सह्याद्रीतही नाहीत. (आंबोलीत सॅलॅमँडर सापडला म्हणून मला वर्षाला दोन-तीन फोटो येतात. आजवर ती प्रत्येक वेळी सापसुरळी निघाली.) भारतात ते बघायचे तर ईशान्येकडे जावं लागतं. दार्जिलिंगजवळ जोरपोखरीला जो मिळतो, त्याला २०१५ मध्ये स्वतंत्र जात म्हणून नाव मिळालं. उष्ण कटिबंधात हा प्राणी खऱ्या अर्थाने फोफावला तो मध्य आणि दक्षिण अमेरिकेत, आणि तोही एकाच कुळाचा. या कुळाची गंमत अशी की यांना फुप्फुसंच नाहीत. श्वास सगळा कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून. कातडी सुकली की श्वास बंद.

दुसरी गोष्ट, यांना तळं लागत नाही. अंडी कुजक्या ओंडक्यात किंवा शेवाळाखाली घातली जातात आणि त्यातून थेट बोटभरही नसलेलं पिल्लू चालत बाहेर येतं. मधली शेपटीवाली पाण्यातली अवस्था नाही. ऐकायला हे सोयीचं वाटतं, पण शोधणाऱ्याची त्यामुळे पंचाईत होते. आंबोलीत बेडूक शोधताना तू अर्धं काम कानाने करतोस. डबक्यावर गेलास की तिथे ते जमलेले असतात, वर ओरडून पत्ताही सांगतात. सॅलॅमँडर मुका. तो डबक्यावर जमत नाही आणि त्याचा डीएनए पाण्याच्या नमुन्यात उतरत नाही. राहतात तुझे डोळे, तुझी बोटं आणि ओल कुठे टिकते याचा अंदाज.

म्हणून तिथे गेल्यावर पहिले तीन-चार दिवस मी प्राणी शोधतच नाही, ओल शोधते. कुचुमातानेस ही वेवेतेनांगो जिल्ह्यातली मोठी डोंगररांग. तिच्या उत्तरेच्या उतारांवर कॅरिबियन समुद्राकडून येणारे ढग अडतात. दुपारी दोनच्या सुमाराला ढग झाडांत शिरतो आणि पाऊस नसतानाही पानांच्या टोकांवरून थेंब गळायला लागतात. कोणत्या घळीत ढग आधी शिरतो, कुठून वारा वर चढतो, कोणत्या बाजूचं शेवाळ दुपारीही बोटाला थंड लागतं, हे वहीत टिपायचं. यंत्रही ठेवायचं, रुपयाएवढं तापमान-आर्द्रता नोंदणारं लॉगर मिळतं. पण शेवाळात बोट खुपसून बघायची सवय लागली की यंत्र नंतर नुसतं साक्षीला उरतं.

उंचीचाही हिशेब पक्का असतो. ताहुमुल्को हा मध्य अमेरिकेतला सगळ्यात उंच डोंगर, ४२२० मीटरचा ज्वालामुखी. त्याच्या उतारावर खालून वर चढत गेलं तर काही-काहीशे मीटरवर सॅलॅमँडरची जात बदलत जाते. प्रत्येकीचा आपला पट्टा, कोणी कोणाच्या हद्दीत फारसं जात नाही. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाचे संशोधक डेव्हिड वेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात हे पट्टे मोजून ठेवले, म्हणून आज आपल्याला तुलना करता येते. तुझ्या शोधाची उंची दोनशे मीटरने चुकली, तर जंगल कितीही सुंदर असलं तरी तू रिकाम्या घराची कडी वाजवतोयस.

दिवसाचं काम म्हणजे ओंडके. पडलेला प्रत्येक ओंडका चालत नाही. नुकत्या पडलेल्याची साल घट्ट असते, आत शिरायला जागा नाही. फार कुजलेला भुसा होऊन बसतो. मला हवा असतो तो मधला : साल सुटलेली पण अजून चिकटून, लाकूड असं की अंगठा दाबला तर पहिल्या पेरापर्यंत आत जातो. अशा ओंडक्याजवळ गुडघे टेकून बसायचं. साल एका टोकाला दोन्ही हातांनी धरायची आणि पुस्तकाचं पान उलटावं तशी सावकाश उचलायची. आधी वास येतो, ओल्या मातीचा आणि अळंब्यांचा. मग गोम पळते, वाळव्या सैरावैरा होतात, एखादा पैसा किडा अंगाची गुंडाळी करतो. सॅलॅमँडर पळत नाही. तो तिथेच असतो, इंग्रजी एस अक्षरासारखा वळलेला, लाकडाच्याच रंगाचा, आणि पहिले दोन-तीन सेकंद तुझी नजर त्याच्यावरून घसरून जाते. शेजारचा म्हणतो "तो बघ", आणि तेव्हा तो दिसतो.

बघून झालं की साल होती तशी, होती त्याच जागी परत लावायची. ही गोष्ट मी नवख्यांना रागावून सांगते. उत्साही टोळी एका दिवसात शंभर ओंडके सोलते आणि पुढची पाच वर्षं तो उतार वाया जातो. साल म्हणजे त्याच्या घराचं छप्पर. उघडं पडलेलं लाकूड आठवड्यात सुकतं.

रात्रीचं काम वेगळं. अंधार पडल्यावर, शक्यतो पाऊस नुकताच थांबलेला असताना, हेडलॅम्प लावून पायवाटेने अगदी रेंगाळत चालायचं. तासाला दोनशे मीटर झाले तरी मला ती घाई वाटते. नजर जमिनीवर नाही, गुडघ्यापासून डोक्याच्या वर हातभरापर्यंत. पानाच्या वरच्या बाजूला, देठाच्या बेचक्यात, नेच्यांच्या मागे. तिथला मोठा वंश बोलितोग्लोसा. नावाचा अर्थच अळंबीसारखी जीभ. देठाच्या टोकावर गादी असते आणि ती अंगाबाहेर इतक्या वेगाने सुटते की डोळ्याला कळतच नाही, किडा होता आणि नाही एवढंच दिसतं. मी एकदा एका मादीसमोर पाऊण तास बसले होते. तिचे पाय बोटांत पडदा असलेले, लहान बाळाच्या हातमोज्यासारखे. चालताना ती नाक पुनःपुन्हा पानाला टेकवत होती. नाकपुडीपासून वरच्या ओठापर्यंत एक बारीक खाच असते, तिच्यातून पानावरचा वास वर चढतो. शेपटीचं टोक देठाला वेढा देऊन धरलेलं. पाऊण तासात ती वीतभर सरकली.

ब्रोमेलिया या तिसऱ्या जागा. अननसाच्या कुळातली ही झाडं. अननसाचा शेंडा उंच फांदीवर रोवून ठेवलाय असं समज. पानांच्या बुडाशी पाणी साठतं आणि तिथे काही जाती सगळा जन्म काढतात. तिथे थेट हात घालायचा नाही. त्याच पानांत हिरवे, झाडावर राहणारे पिट व्हायपर हे विषारी साप बसलेले असतात, आपल्या मलबार पिट व्हायपरचे दूरचे भाऊबंद. सरकारी दवाखाना सहा तासांच्या वाटेवर असतो. आधी टॉर्च, मग काठी, मग चिमटा.

प्राणी हातात घ्यायची वेळ आली तर हातमोजे आणि प्रत्येक प्राण्याला नवी जोडी. मोज्याला पाणी लावून घे. आपल्या तळव्याची ऊब त्याला ताप चढल्यासारखी असते. शेपटीला कधीही धरू नकोस. बुडाशी तिचा एक आवळलेला सांधा असतो, तिथून ती तुटून तुझ्या हातात वळवळत राहते आणि तिच्यात साठवलेली चरबी म्हणजे त्याची वर्षभराची बेगमी. पिशवीत ओलं शेवाळ, पिशवी सावलीत, आणि मोजमाप झालं की जिथून घेतला त्याच पानावर परत.

आता तू वाचलेल्या गोष्टीकडे येते. १९७५ मध्ये जेरेमी जॅक्सन आणि पॉल इलायस या दोन तरुण अमेरिकनांना कुचुमातानेसमध्ये पिवळाधमक, पाठीवर काळा पट्टा असलेला एक सॅलॅमँडर मिळाला. नमुने दोनच. १९८४ मध्ये इलायस यांनी त्याला मित्राचं नाव दिलं, बोलितोग्लोसा जॅक्सोनी. त्यानंतर तो कोणालाच दिसला नाही. २०१७ मध्ये ग्लोबल वाइल्डलाइफ कॉन्झर्व्हेशन या संस्थेने जगातल्या सर्वाधिक हव्या असलेल्या २५ हरवलेल्या जातींची यादी काढली, त्यात हा होता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये तो सापडला. त्या यादीतला पहिला. सापडला कोणाला? मोहिमेवर गेलेल्या शास्त्रज्ञांना नाही. कुचुमातानेसमधल्या एका राखीव जंगलाच्या कडेला गस्त घालणाऱ्या स्थानिक रखवालदाराला, एक लहानसं पिल्लू. त्याने फोटो काढून पाठवला आणि ग्वाटेमालाच्या सान कार्लोस विद्यापीठातल्या उभयचर संग्रहाचे प्रमुख कार्लोस वास्केस यांनी ओळख पक्की केली. ते जंगल कॉफीच्या लागवडीखाली जाण्याच्या बेतात होतं. अनेक संस्थांनी मिळून ते विकत घेतलं आणि २०१५ मध्ये राखीव केलं. त्या राखीव जंगलाच्या नावात 'विट्झ' हा शब्द आहे. मायन भाषांत त्याचा अर्थ डोंगर.

बेचाळीस वर्षं हा आकडा बातमीत छान दिसतो, पण तो उलगडून बघ. ग्वाटेमालात १९६० ते १९९६ यादवी चालू होती आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला वेवेतेनांगोच्या गावांवर तिचा वरवंटा फिरला. त्या काळात रात्री टॉर्च घेऊन जंगलात कोण फिरणार होतं? म्हणजे बेचाळीसपैकी निदान वीस वर्षं तो हरवलेला नव्हता, त्याला कोणी शोधत नव्हतं. 'दिसला नाही' आणि 'नाही' यांतलं अंतर किती, हे आपण शोधायला किती गेलो यावर ठरतं.

म्हणून माझ्या वहीतली सगळ्यात महत्त्वाची ओळ रिकाम्या रात्रीची असते. तारीख, उंची, माणसं किती, तास किती, ओंडके किती, पाऊस कधी थांबला, सापडले : शून्य. लोक ही ओळ लिहीतच नाहीत. सापडलं तर नोंद, नाही सापडलं तर झोप. समज एखादा प्राणी त्या जंगलात आहे आणि एका रात्रीच्या फेरीत तो दिसण्याची शक्यता दहात एक. मग एकदा जाऊन दिसला नाही, याला काही अर्थच नाही. हिशेब कर : सलग २२ रात्री शून्य आलं, तरी तो तिथे असून तुला चुकला असण्याची शक्यता शंभरात दहा उरते. ती पाचच्या खाली आणायला २९ रात्री लागतात. आणि दहात एक हा मी दिलेला उदार आकडा झाला. आता सांग, कोणत्या अनुदानात एका घळीसाठी २९ रात्री बसतात? रखवालदार मात्र वर्षाचे तीनशे दिवस तिथेच असतो. तो सॅलॅमँडर त्याला सापडला यात मला आश्चर्य वाटलं नाही.

आता शेती.

तिथली शेती एका रंगाची नाही. एक मिल्पा : मका, घेवडा, भोपळा एकत्र, घरच्या पोटापुरता. तीव्र उतारावर जंगल तोडून-जाळून जागा करायची, काही वर्षं पिकवायची. ज्यांना आपण 'अतिक्रमण करणारे' म्हणून मोकळे होतो, त्या माया कुटुंबांना तो उतार का चढावा लागला हे विसरू नये. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी चांगल्या, खालच्या जमिनी कॉफीच्या मोठ्या मळ्यांकडे गेल्या. आपल्याकडे धरणग्रस्त डोंगरावर सरकले, त्यातलीच ही गोष्ट. दुसरी कॉफी. वेवेतेनांगोची कॉफी चांगल्या उंचीवर पिकते म्हणून नावाजलेली, आणि नेमक्या त्याच उंचीवर ढगांचं जंगल असतं. आणि तिसरी वेलची.

वेलचीपाशी मी जरा थांबणार आहे, कारण ती आपल्याकडची. तिचं मूळ घर पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातली ओली सावली. १९१४च्या सुमाराला एका जर्मन मळेवाल्याने ती ग्वाटेमालात, आल्ता व्हेरापास जिल्ह्यातल्या कोबानजवळ लावली. आज जगात सगळ्यात जास्त वेलची निर्यात करणारा देश ग्वाटेमाला आहे आणि ती वेलची प्रामुख्याने आखातात, अरबी कॉफीत जाते. तिथले शेतकरी स्वतः ती फारशी खात नाहीत. पहिल्यांदा एका घरी मी चहात वेलदोडा ठेचून घातला, तेव्हा म्हातारीने एक घोट घेऊन विचारलं, "अच्छा, तुम्ही याचं हे करता होय?" चाळीस वर्षं ती वेलची तोडत होती.

वेलचीला सावली लागते, म्हणून उपग्रहाच्या चित्रात वेलचीखालचं जंगल जंगलच दिसतं. वर हिरवं छत शाबूत. आत गेलास की कळतं. खालचा झाडोरा बेणून काढलेला. छत मधेमधे विरळ केलेलं, त्यामुळे दुपारचे कवडसे थेट जमिनीवर. आणि पडके ओंडके गायब. ते कुठे गेले? वेलची तोडल्यावर चोवीस तासांच्या आत सुकवावी लागते आणि भट्टीला लाकूड लागतं. पडलेलं, अर्धसुकं लाकूड तर आयतंच मिळतं. म्हणजे ज्या ओंडक्यासमोर मी गुडघे टेकून बसते, तो त्यांच्या भट्टीत असतो. नकाशावर जंगलतोड शून्य, सॅलॅमँडरच्या दृष्टीने गावच उठलेलं. माझ्या लॉगरमध्ये एकाच उतारावर, हाकेच्या अंतरावर, वेलचीखालची जमीन भर दुपारी शेजारच्या रानापेक्षा तीन-चार अंशांनी तापलेली दिसली. कातडीने श्वास घेणाऱ्याला हे तीन-चार अंश फार होतात.

उलटंही सांगायला हवं, नाहीतर ते एकांगी होईल. शेतात सॅलॅमँडर नसतातच असं नाही. कॉफीच्या मळ्यात सावलीला केळी लावलेल्या असतात. केळीच्या सोपटाच्या बेचक्यात पाणी आणि पाचोळा साठतो, आणि तिथे बोलितोग्लोसाच्या काही जाती मजेत राहतात. आम्ही सकाळी-सकाळी मालकाला विचारून सुकी सोपटं सोलत जायचो. एका केळीत दोन-दोनदेखील मिळायचे. या जाती चिवट, सगळीकडे पसरलेल्या. त्यांना जंगल काय नि परसदार काय. अडचण होते ती एकाच डोंगरावर, एकाच पट्ट्यात अडकलेल्या जातींची. तेव्हा 'मळ्यात सॅलॅमँडर सापडले, म्हणजे शेतीचा त्रास नाही' असं कोणी म्हणालं, तर पहिला प्रश्न विचार : कोणती जात?

तोडलेल्या तुकड्यापलीकडेही शेतीचा हात पोचतो. ढग तयार व्हायला खालच्या सपाटीवरचं रान लागतं. झाडं हवेत बाष्प सोडतात, कुरणं तेवढं सोडत नाहीत. कोस्टारिकातल्या मोंतेवेर्देच्या संदर्भात २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं की सपाटीवरची जंगलं साफ झाली की वरच्या डोंगरावर ढगाचा तळ उंच सरकतो. म्हणजे वरचं जंगल कुंपण घालून जपलं, तरी ढग त्याच्या डोक्यावरून निघून जाऊ शकतो. डोंगरावरच्या प्राण्याला वर सरकायला शिखरापर्यंतच जागा असते.

पण सगळं खापर शेतीवर फोडता येत नाही, आणि तुझ्या प्रश्नाचा हाच भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. २००९ मध्ये रोव्हितो, वेक, वास्केस वगैरे संशोधकांनी ताहुमुल्को आणि मेक्सिकोतल्या काही जुन्या जागा पुन्हा तपासल्या. सत्तरच्या दशकात ताहुमुल्कोवर मुबलक असलेल्या दोन जाती त्यांना अजिबात मिळाल्या नाहीत. आणि हे नुसतं तोडलेल्या जागी नव्हतं. जंगल जागेवर, ओंडके जागेवर, ओंडक्यांखाली कोणी नाही. दोन वर्षांनी दुसऱ्या एका अभ्यासात संग्रहालयातल्या जुन्या, बरणीत ठेवलेल्या नमुन्यांच्या कातडीवर कापसाचा बोळा फिरवून काइट्रिड बुरशीचा माग काढला गेला. दक्षिण मेक्सिकोत ती सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला दिसते, ग्वाटेमालात ऐंशीच्या दशकात, मोंतेवेर्देत १९८७ च्या आसपास. बेडूक आणि सॅलॅमँडर नाहीसे होण्याच्या काळाशी हे जुळतं. ही बुरशी कातडीवर वाढते, आणि ज्याचा श्वासच कातडीत आहे त्याचं काय होणार ते उघड आहे. २०१३ मध्ये तिची एक बहीण ओळखली गेली, जी खास सॅलॅमँडरच्या जिवावर उठते. तिने नेदरलँड्सकडचे सॅलॅमँडर झोपवले. मूळ ती आशियातली. हातमोजे आणि दोन डोंगरांमधे गमबूट ब्लीचच्या पाण्यात बुडवण्यावर मी एवढी अडून बसते ती याचसाठी. शोधणाऱ्याच्याच बुटाला लागून रोग पुढच्या डोंगरावर गेला तर शोधून उपयोग काय?

मला विचारशील तर मी असं मांडेन : बुरशीने मोठी लाट मारली, त्यातून काही ठिकाणी मूठभर प्राणी वाचले. ते पुन्हा पसरायला सलग, ओली जंगलं हवीत, आणि ती शेतीने तुकडे करून टाकलीत. नुसत्या शेतीने कदाचित ते इतक्या झपाट्याने संपले नसते. पण शेती असताना ते परत उभे राहू शकत नाहीत.

तिथल्या लोकांशी बोलण्याबद्दल थोडं. सॅलॅमँडर विषारी आहे अशी समजूत बऱ्याच गावांत आहे, आपल्याकडे पालीबद्दल असते तशी. पहिल्या वर्षी मी ती खोडून काढायला गेले आणि लोक गप्प झाले. पुढच्या वर्षी मी नुसतं विचारलं, "शेवटचा कधी दिसला?" तेव्हा एका बाबांनी सांगितलं, पूर्वी वेलचीची रोपं लावायला खड्डे खणताना दर दोन-चार खड्ड्यांमागे एक मिळायचा, भट्ट्या वाढल्यापासून नाही. हे वहीत लिहिण्याजोगं होतं. तो भेटत होता ती जागा, उंची, अंदाजे वर्ष, सगळं मिळालं. आणि पैसे देऊन प्राणी आणायला कधीही सांगू नकोस. एका मोहिमेत हे झालेलं मी पाहिलंय. संध्याकाळपर्यंत बादलीभर मेलेले प्राणी आले आणि उताराची वाट लागली. परवानगीचंही तेच. तिथे संरक्षित क्षेत्रांच्या राष्ट्रीय परिषदेची लेखी परवानगी लागते आणि ती असली तरी गावच्या मंडळींना भेटल्याशिवाय डोंगरावर चढायचं नाही.

आता तुझं इथलं काम. ग्वाटेमालाला जायला वेळ आहे. तोवर तुझ्या पायाखाली सॅलॅमँडरचे चुलत भाऊ आहेत, देवगांडूळ. हेही उभयचर आणि मुके, यांनाही ओल लागते. फक्त पाय नाहीत आणि राहतात मातीत. खंडाळ्याची एक जात १९६० पासून माहीत आहे. आंबोलीच्या देवगांडुळाचं वर्णन २००३ मध्ये झालं, म्हणजे तुझ्या जन्माच्या आसपास. तुझ्या घरापासून तासाभरावर. आणि इथे शेतीचा प्रश्न उलट्या बाजूने समोर येतो. देवगांडुळं शेणाच्या ढिगाखाली, केळीच्या बुडाशी, पाणंदीच्या कडेला सर्रास मिळतात. जुन्या परसबागा त्यांना मानवतात. मग दोडामार्गकडे रान कापून, जाळून उभ्या केलेल्या रबराच्या लागवडीत ती टिकतात का? एम.एस्सी.च्या प्रबंधाला हा प्रश्न पुरे आहे.

जून ते सप्टेंबर काम कर, माती भिजलेली असताना. दहा परसबागा, दहा रबराचे तुकडे आणि दहा रानाचे निवड. प्रत्येक ठिकाणी ठरावीक मापाचा चौकोन ठरावीक वेळ खण. जास्त मिळतंय म्हणून जास्त खणायचं नाही, कंटाळा आला म्हणून कमी नाही. कुदळीऐवजी बोथट दाताची पंजी वापर, पाती लागली की प्राणी मधोमध तुटतो. रान वनखात्याचं असेल तर लेखी परवानगी आधी. मालकीची जागा असेल तर मालकाच्या समोर खण आणि खणलेलं बुजवूनच उठ. आणि पहिल्या दहा चौकोनांच्या नोंदी झाल्या की वहीच्या पानांचे फोटो मला पाठव, शून्याच्या पानांसकट.